अठ्ठेचाळीस चेंडूंची कारकीर्द

आमच्या तालुक्यातल्या पहिल्या व्यावसायिक गोलंदाजाने सबंध कारकिर्दीत अठ्ठेचाळीस चेंडू टाकले. आकडा मी खात्रीने सांगतो, कारण ते सगळे चेंडू मीच वहीत उतरवले. त्यातले सेहेचाळीस जिथल्या तिथे आहेत. उरलेल्या दोन चेंडूंसाठी हे लिहायला बसलो आहे.

‘व्यावसायिक’ हा शब्द माझा नाही, फ्लेक्सवरचा आहे. टेनिस बॉलचं क्रिकेट आमच्याकडे भातकापणीनंतर शेतात खेळतातच. आठ ओव्हरचा सामना, जिंकणाऱ्याला बोकड, फार तर दुचाकी. त्या वर्षी मात्र कशेळीच्या एका शेठना वाटलं की आता हे सगळं रीतसर व्हायला हवं. रीतसर म्हणजे लिलाव. मंगल कार्यालयात खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवले, आठ मालकांच्या हातात बोली लावायला आठ फळ्या दिल्या आणि गावोगावचे खेळाडू स्टेजवर एकेक करून उभे केले. त्याआधी भिवंडीत लिलाव म्हटलं की तो बंद पडलेल्या यंत्रमागांचा असायचा. माग निदान लाजून उभे राहत नाहीत.

संघांना वाघ, सिंह, गरुड अशी नावं होती. यातला एकही प्राणी आमच्यापैकी कोणी तालुक्यात पाहिलेला नाही. डास हा संघ काढायचं कोणाला सुचलं नाही.

स्पर्धेचे आयोजक शेठच होते, एका संघाचे मालक शेठच होते आणि बक्षीसही तेच देणार होते. मैदानही त्यांचंच. दिघाशीजवळच्या शेतात भराव टाकून, रोलर फिरवून ती जागा गोदामासाठी तयार केली होती. गोदाम पावसाळ्यानंतर उभं राहणार, तोवर मोकळी जमीन वाया कशाला घालवायची, म्हणून लीग.

मी एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनालयातल्या चारही पंख्यांच्या पात्यांवर शेठच्या वडिलांचं नाव रंगवलेलं आहे. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, सुरू असला की वारा येतो. त्यामुळे शेठचा फोन आला, “सर, तुमचं अक्षर चांगलं आहे, स्कोअर लिहायला तुम्हीच पाहिजे,” तेव्हा मी वर पाहिलं आणि होकार दिला.

आमचा गोलंदाज दिघाशीचाच. वय छत्तीस, अंगाने काटकुळा, पंधरा वर्षं नारपोलीत मागावर. लिलावात तो सगळ्यात शेवटी, जेवणाची पानं मांडली जात असताना, शेठच्या संघात आला. बाकीच्या मालकांनी फळ्या खाली ठेवून हात धुवायला रांग लावली होती. शेठची फळी वर होती कारण ती ते पंख्यासारखी वापरत होते. असा आमच्याकडे व्यावसायिक क्रीडायुगाचा आरंभ झाला.

पण त्याला गोलंदाजी येत होती, हे सांगायला हवं. टेनिसचा चेंडू कुठेही उडतो. हा माणूस तो फलंदाजाच्या अंगठ्याशी नेऊन टाकायचा, पुन्हा पुन्हा, न रागावता, न ओरडता. समालोचकाने एकदा माइकवर सांगितलं की हा मागावरचा माणूस असल्याने चेंडू मागातून सूत नेणाऱ्या धोट्यासारखा सरळ जातो. तेव्हा तो स्कोअर लिहायच्या माझ्या मांडवात सावलीला बसला होता. म्हणाला, “धोटा मशीन फेकतं, सर. आमी फकस्त तुटलेला धागा बांधतो.”

लीग रविवारी, आणि भिवंडीत मागांची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे प्रत्येक सामन्याला त्याने खाडा केला. तिसऱ्या खाड्यानंतर सोमवारी तो शिफ्टवर गेला तेव्हा त्याच्या मागांवर दुसरा माणूस उभा होता.

“मागाच्या मालकाला सांगितलं नाहीस, लीग आहे म्हणून?” मी विचारलं.

“सांगितलं ना. तो बोलला, ‘अरे भाई, तू खिलाडी बन गया, अब खेल.’”

“मग आता?”

“शेठ बोललेत, सीझन चांगला गेला तर गोदामात लावतो. सुपरवायझर. कायम.” हा शेवटचा शब्द त्याने इतका हळू उच्चारला की मला माझं पेन खाली ठेवावं लागलं. घरी बायको, दोन मुली. ‘कायम’ हा शब्द त्या घरात अजून कोणाच्या नावापुढे लागलेला नव्हता.

आता आमच्या क्रिकेटचा एक नियम सांगतो, जो कुठल्याही पुस्तकात नाही आणि जो सगळ्या नियमांच्या वर आहे. पाहुणा आला की खेळ थांबतो. चेंडू हवेत असेल तर तो खाली येण्याइतकी सवलत मिळते. मग समालोचक पाहुण्याची पदं वाचतो, गेटपासून स्टेजपर्यंत दोन्ही संघ टाळ्या वाजवत उभे राहतात, शाल, श्रीफळ, गुच्छ, मग पाहुण्यासोबत आलेल्यांना शाल, मग त्यांना गाडीतून घेऊन आलेल्याला गुच्छ. एका साखळी सामन्यात मी मोजलं होतं: खेळ पन्नास मिनिटं, सत्कार सत्तर. एका नारळाने तीन सत्कार केलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्या नारळाचाही सत्कार व्हायला हवा होता.

उपांत्य सामना शनिवारी दुपारी होता. शेठच्या संघाला धावा राखायच्या होत्या. शेवटची ओव्हर आली, समोरच्यांना बारा हव्या होत्या आणि चेंडू आमच्या गोलंदाजाकडे. पहिल्यावर दोन गेल्या, दुसऱ्यावर एक. तिसऱ्यावर त्रिफळा. चौथ्यावर त्रिफळा, तोही असा की यष्टी मागे जाऊन यष्टिरक्षकाच्या नडगीला लागली. दोन चेंडू बाकी, नऊ धावा हव्यात, गोलंदाज हॅट्ट्रिकवर. नवा फलंदाज आला, एक जाडगेला डावखुरा. त्याने गार्ड घेतला. गोलंदाज मागे वळला आणि पळायला लागणार, इतक्यात गेटवर सायरन वाजला.

साहेब आले होते. कोणते साहेब ते सांगत नाही. आमच्याकडे पद जातं, पण ‘साहेब’ राहतं.

अर्थात खेळ थांबला. ऊन माथ्यावर होतं. गोलंदाज रन-अपच्या टोकाला चेंडू घेऊन तसाच उभा राहिला, जसा टपालपेटीशी उभा राहतो एखादा, पत्र टाकावं की नाही ठरत नसताना. पंधरा मिनिटांनी समालोचकाने त्याचं नाव पुकारलं आणि त्याला स्टेजवर बोलावलं.

गोष्ट अशी होती की ‘हॅट्ट्रिकवीर’ असं कोरलेली ट्रॉफी शेठनी आधीपासून करून ठेवली होती. सबंध स्पर्धेत ती कोणी मिळवली नव्हती. आणि साहेबांना आणखी तीन मैदानांवर जायचं होतं. माझा मांडव स्टेजला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं मी कानाने ऐकलं.

“शेठ, अजून घेतली न्हाय,” गोलंदाज म्हणाला.

“घेशील रे! एकच तर चेंडू. साहेब काय परत येणार आहेत का? शाल घे आधी.”

“पन नाय भेटली तर?”

“अरे, अपशकुन बोलतो काय! डोकं खाली कर, फेटा बांधतायत.”

तर अशा रीतीने न घेतलेल्या विकेटचा सत्कार झाला. आमच्याकडे न बांधलेल्या पुलांची उद्घाटनं होतात, त्यामानाने हे किरकोळच. साहेबांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की मातीतल्या या हॅट्ट्रिकवीराला शेठ आपल्या गोदामात कायम नोकरी देणार आहेत आणि उद्या अंतिम सामन्याला आपण स्वतः येऊन नियुक्तिपत्र देऊ. मग त्यांनी त्याच्या तोंडात पेढा भरवायचा प्रयत्न केला. फेट्यामुळे नेम चुकला. पेढा त्याने उजव्या हातात झेलला.

साहेब निघाले. त्यांच्यामागे अर्धं मैदान निघालं. युट्यूबवर सामना दाखवणारा कॅमेरावाला खांद्यावर कॅमेरा टाकून गाडीपर्यंत धावला, आणि ड्रोन रस्त्यावरच्या ताफ्यावर घिरट्या घालायला गेला. समालोचक “साहेबांचे मनःपूर्वक आभार” हे वाक्य निरनिराळ्या चालींत म्हणत होता. पंचांना उशीर होत होता. त्यांनी हात खाली केला आणि खेळ सुरू झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खांदा चाळीस मिनिटांत आखडलेला, बोटांना पेढ्याचा चिकटा. चेंडू हातातून सुटला तो फुलटॉस. डावखुऱ्याने तो भरावाच्या पलीकडे, बाभळींच्याही पलीकडे भिरकावला. सहा. आता एका चेंडूत तीन हव्या. गोलंदाजाने हात पॅंटला पुसला, मातीत घासला, परत आला आणि त्याच डावखुऱ्याचा मधला स्टंप उडवला. सामना दोन धावांनी जिंकला. मी वहीत लिहिलं: विकेट, विकेट, सहा, विकेट. खाली रेघ मारली.

रेघ वाळायच्या आत शेठ मांडवात आले. हातात मोबाईल. साहेबांच्या ऑफिसने फेटेवाला फोटो ‘हॅट्ट्रिक’ म्हणून टाकून दिला होता आणि आता त्यांना स्कोअरच्या पानाचाही फोटो हवा होता.

“सर, पान जरा नीट करा.”

“नीटच आहे.”

“नीट म्हणजे, तो सिक्स शेवटी घ्या. विकेट आधी घ्या. बेरीज तीच राहते ना?”

“राहते.”

“निकाल?”

“तोच.”

“मग कोणाचं काय गेलं?”

मी म्हणालो, “शेठ, ज्याने सिक्स मारला तोच पुढच्या चेंडूवर बाद झाला. त्याला आधी बाद केलं, तर सिक्स मारला कोणी?”

शेठनी खरोखर विचार केला. या माणसाला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचार करताना पाहत होतो. कपाळावर दोन आठ्या आल्या आणि गेल्या.

“त्याच्यानंतर बॅटिंगला कोण होता?”

“त्याचा मेहुणा. तो पॅव्हेलियनमध्ये चपला घालून बसला होता.”

“त्याला द्या. सिक्स घरातच राहतो.”

मी नाही म्हणालो. वही लिहिणाऱ्याचं काम झालेलं लिहिणं, असंही काहीसं बोललो. बोलताना मला स्वतःचा आवाज आवडला, हे कबूल करतो. पंख्यांचा विषय शेठनी काढला नाही, फक्त “बघा, सर” म्हणून गेले. मी पाठ ताठ करून बसलो. बाणेदारपणाला प्रेक्षक नसले की तो जरा कंटाळवाणा होतो.

वीस मिनिटांनी गोलंदाज आला. फेटा काखेत होता.

“सर, तुमी न्हाय म्हनालात म्हनं.”

“तूच सांग, सिक्स गेला की नाही?”

“गेला. मोठा गेला.”

“मग?”

“मग काय. गेला तो गेला. तो काय परत येतो? नोकरी मातर जाईल.”

“शेठनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय.”

“शब्द मना न्हाय दिला, सर. हॅट्ट्रिकवाल्याला दिलाय.” तो खाली मातीत उकिडवा बसला. “सोमवारी मना कुठं जायचं ते तुमीच सांगा. नारपोलीत चार ठिकानी विचारून आलोय. लिवा ना.”

आयुष्यभर मी पुस्तकांत वाचत आलो की सत्याची किंमत मोजावी लागते. ती नेहमी दुसऱ्याच कोणीतरी मोजायची असते, हे पुस्तकं जरा आडून सांगतात. मी नवं पान घेतलं. आख्खा डाव पुन्हा उतरवला, त्याच पेनाने, त्याच घाईच्या अक्षरात, आणि शेवटी लिहिलं: विकेट, विकेट, विकेट, सहा. डावखुऱ्याच्या नावापुढे शून्य. मेहुण्याच्या नावापुढे एक चेंडू, सहा धावा, नाबाद. जुनं पान फाडून खिशात घातलं. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

शाई सुकत होती तोच डावखुरा स्वतः आला. हरला होता, पण खुशीत होता.

“सर, माझ्या पानाचा फोटो काढू द्या. युट्यूबवर सिक्सच नाय आला. पोरं विश्वास ठेवत नायत.”

मी वहीवर कोपर ठेवलं. गोलंदाज उठून उभा राहिला.

“तुजा सिक्स मी घेतला,” तो म्हणाला.

“काय घेतला?”

“वहीतून काढला. तुज्या मेहुन्याला दिला. मना हॅट्ट्रिक पायजे, नोकरीसाठी.”

डावखुऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “माझ्या मेहुण्याला? त्या ढेरपोट्याला? अरे, त्याला आयुष्यात बॉल लागला नाय कधी!”

“म्हनून तर बोललो, सांगून टाकावं.”

“आणि मी शून्यावर?”

“शून्यावर.”

मग डावखुरा हसायला लागला, इतका की त्याला खांबाला धरावं लागलं. “घे! घे, दिला. पण एक सांगतो. वहीत तुझी हॅट्ट्रिक. हळदीत, साखरपुड्यात, नाक्यावर कोणी विषय काढला तर सिक्स माझा. तिथं तू बोलायचं, हो, मना सिक्स मारलेला म्हणून.”

“बोलीन.”

“बाभळीच्या पलीकडं.”

“बोलीन ना. बाभळीच्या पलीकडं.”

हात मिळवून दोघे वेगळे झाले. त्या लीगमध्ये सही-शिक्क्याचे जेवढे करार झाले, त्या सगळ्यांपेक्षा हा मला जास्त पक्का वाटला. मला मात्र कोणी काही विचारलं नाही. खोटी वही लिहिणाऱ्याकडे कोण कशाला बघेल?

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. मी अकरा नावं उतरवायला घेतली तर त्यात गोलंदाजाचं नाव नव्हतं. तो स्टेजवर होता, पाहुण्यांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर, पुन्हा फेटा बांधून. मी शेठना विचारलं.

“सर, तुम्हाला कळत कसं नाही? हॅट्ट्रिकवीर आहे तो. आज याला मार पडला तर साहेबांना काय तोंड दाखवू?”

म्हणजे विकेट घेतल्या म्हणून त्याची गोलंदाजी बंद झाली. त्याच्या जागी शेठचा भाचा खेळला. भाच्याकडे गोलंदाजीचे सगळे गुण होते: पांढरे बूट, गॉगल, मनगटाला पट्टा. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना सतरा हव्या होत्या आणि चेंडू त्याच्या हातात गेला.

पहिले तीन चेंडू फुलटॉस. मी लिहीत होतो: चार, सहा, एक. स्टेजवर तिसरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गोलंदाज उठला होता. पायऱ्यांपर्यंत आला, एका हाताने फेटा सोडायला लागला. नियमाने त्याला मैदानात जाता येणार नव्हतंच, त्यालाही ते ठाऊक होतं. हात मात्र खांद्यातून फिरत होता, आपोआप. शेठनी साहेबांशी बोलता बोलता, न वळता, बोटांनी खूण केली: बस. तो दोन क्षण तसाच उभा राहिला आणि जाऊन बसला. पाचव्या चेंडूवर सामना संपला. शेठचा संघ हरला.

हरल्यामुळे कार्यक्रमात काही फरक पडला नाही. कार्यक्रम निकालावर अवलंबून ठेवण्याइतके आमचे लोक भाबडे नाहीत. जिंकलेल्यांना उभं ठेवून आधी नियुक्तिपत्राचा समारंभ झाला. समालोचकाने नाव पुकारलं, साहेबांनी लिफाफा पुढे केला, फोटोवाला ओरडला, “कागद असा धरा, वर, साहेबांकडे बघा!”

गोलंदाजाने लिफाफा घेतला, फोडला आणि पत्र वाचायला लागला.

स्टेजवर कागद वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. स्टेजवरचे कागद धरण्यासाठी असतात. तो ओठ हलवत, बोट ओळीखाली फिरवत, पहिल्या ओळीपासून वाचत होता. साहेबांचा हात हस्तांदोलनासाठी पुढे झालेला, तो तसाच राहिला. फोटोवाला म्हणाला, “भाऊ, नंतर वाचा.” तो थांबला नाही. शेठ कानाशी येऊन म्हणाले, “साहेब उभे आहेत रे.” त्याने मान डोलावली आणि पान उलटलं. ताफ्यातल्या ड्रायव्हरांनी गाड्या सुरू केल्या होत्या, त्या त्यांनी बंद केल्या.

मग त्याने पत्र शेठसमोर धरलं.

“शेठ, खाली सही न्हाय.”

“करू नंतर, ऑफिसात. अरे, आता फोटो...”

“आता करा.”

शेठकडे पेन नव्हतं. साहेबांकडेही नव्हतं. पाच-सहा जणांनी खिसे चाचपले. शेवटी मीच मांडवातून उठलो आणि माझं पेन स्टेजवर नेऊन दिलं. कागद टेकवायला पाठ द्यायला कोणी पुढे झालं नाही, तेव्हा गोलंदाजाने स्वतःच वाकून पाठ दिली. त्याच्या पाठीवर कागद ठेवून शेठनी सही केली. त्याने ती नीट पाहिली, पत्राची घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मग साहेबांचा हात हातात घेतला.